दोन नंबरची कमांड ड्रायव्हरपर्यंत पोचतच नव्हती

तासगाव-सांगली पट्ट्यातला बेदाणा फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेडवर तयार होतो. सगळा माल लगेच सौद्याला जात नाही. दराचा अंदाज घेत शेतकरी पेट्या कोल्ड स्टोरेजला ठेवतो, पावती जपून ठेवतो आणि थांबतो. आत चार अंशांच्या आसपास गारवा राहिला तर मालाचा रंग टिकतो. खोली तापली तर रंग उतरतो, काळपटपणा येतो, आणि सौद्यात पहिली नजर रंगावरच जाते. त्यामुळे खोलीबाहेरच्या डिस्प्लेवरच्या तापमानाच्या आकड्यावर बऱ्याच लोकांचे वर्षभराचे पैसे अवलंबून असतात.

कुपवाड एमआयडीसीतल्या ज्या छोट्या युनिटमध्ये मी काम करते, तिथे अशा खोल्यांचे कंट्रोलर बनतात. तापमान आणि आर्द्रता वाचणारे एक कार्ड, कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिले, वर डिस्प्ले. पूर्वी हे सगळे एका मायक्रोकंट्रोलरवर चालायचे. मालकांना मोबाइलवर आकडे दिसावेत म्हणून लिनक्सचा छोटा बोर्ड आला, आणि कार्डासाठी कर्नेल ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नेलमध्ये) राहून कार्डाशी बोलणारा प्रोग्राम, बाहेरच्या एका माणसाकडून लिहून घेतला गेला. तो काम देऊन मोकळा झाल्यावर पुढची जबाबदारी माझ्याकडे आली.

डिस्प्लेवर ४.१ अंश दिसत होते. खोलीत तेवढेच असायला हवे होते, म्हणून कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. पण बोर्ड खोलीत नव्हता, वर्कशॉपच्या टेबलावर होता, आणि महिना मे होता. आमचे अण्णा पॅनेलच्या वायरिंगमध्ये आयुष्य घालवलेला माणूस. त्यांनी सेन्सरचा प्रोब मुठीत घट्ट धरला, डिस्प्लेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, ह्यो आकडा हलंना बघ."

"अण्णा, प्रोबची वायर काढून बघा बरं."

त्यांनी वायर काढली. तरीही ४.१.

इथे एक गोष्ट मला फार खटकली. ॲप्लिकेशनला कुठलीही चूक कळवली जात नव्हती. प्रोग्राम कर्नेलमार्फत डिव्हाइसला कमांड देतो त्या कॉलला आयऑक्टल म्हणतात. त्याचे उत्तर शून्य येत होते, म्हणजे सगळे व्यवस्थित झाले. वायर तुटल्यावर चूक दाखवणारे यंत्र दुरुस्त करता येते. वायर तुटल्यावरही खरा वाटेल असा आकडा दाखवणारे यंत्र मात्र धोकादायक असते, कारण त्याच्यावर कुणी संशयच घेत नाही.

ड्रायव्हर उघडला. त्यात चार कमांड होत्या आणि त्यांना नंबर होते १, २, ३, ४. एक म्हणजे कार्डाची स्वतःची तपासणी, दोन म्हणजे तापमान वाचणे, तीन म्हणजे कॉम्प्रेसरचा रिले, चार म्हणजे खालची-वरची मर्यादा लावणे. जुन्या मायक्रोकंट्रोलरच्या सिरियल प्रोटोकॉलमध्ये हेच नंबर होते, तेच उचलून इथे ठेवलेले. प्रत्येक कमांडच्या सुरुवातीला कर्नेलच्या लॉगमध्ये एक ओळ छापायची सोय केली आणि चारही कमांड एकामागून एक पाठवल्या. एकची ओळ आली, तीनची आली, चारची आली. दोनची आली नाही. ॲप्लिकेशन मात्र म्हणत होते की दोन यशस्वी झाली आणि उत्तरही मिळाले.

मग उत्तरातला कच्चा आकडा पाहिला. आमच्या कार्डावर तापमान मिलिअंशांत येते, लिनक्समधले बहुतेक तापमानाचे ड्रायव्हर असेच देतात. कच्चा आकडा होता ४०९६. त्याला हजाराने भागले की ४.०९६, आणि डिस्प्ले एकच दशांश दाखवतो म्हणून ४.१. कर्नेलमध्ये काम करणाऱ्याला ४०९६ हा आकडा ओळखीचा असतो. बहुतेक यंत्रांवर मेमरीचे एक पान तेवढ्याच बाइटचे असते. कुठलाही सेन्सर योगायोगाने सतत ४०९६ देणार नाही. हे उत्तर कार्डाकडून येत नव्हते, वाटेतच कुणीतरी देत होते.

एसट्रेस लावला तेव्हा चित्र स्पष्ट झाले. एसट्रेस हे साधन प्रोग्रामने कर्नेलला केलेला प्रत्येक कॉल छापते आणि आयऑक्टलचा नंबर ओळखीचा असेल तर त्याचे नाव लिहिते. आमच्या २ समोर नाव आले ते एफआयजीईटीबीएसझेड. फाइलसिस्टीमला ब्लॉकचा आकार विचारणारी ही कमांड.

कर्नेलच्या सोर्समध्ये एफएस फोल्डरात आयऑक्टलची एक फाइल आहे. ती वाचली आणि सगळे उलगडले. प्रोग्रामने आयऑक्टल केला की कर्नेल तो लगेच ड्रायव्हरकडे देत नाही. आधी काही सामाईक कमांड स्वतः बघतो: फाइल नॉन-ब्लॉकिंग करणे, एक्झेकच्या वेळी, म्हणजे नवा प्रोग्राम सुरू होताना, ती आपोआप बंद होईल की नाही ते ठरवणे, फाइलसिस्टीम गोठवणे, ब्लॉकचा आकार सांगणे. त्यांतली कुठलीच नसेल तरच कॉल ड्रायव्हरच्या फंक्शनकडे जातो. ब्लॉकचा आकार विचारणाऱ्या कमांडचा नंबर आहे नुसता २. कार्डाशी बोलायला प्रोग्राम जी फाइल उघडतो ती डिव्हाइस फाइल. कर्नेलने आमच्या डिव्हाइस फाइलची फाइलसिस्टीम पाहिली. ती असते डेव्हटीएमपीएफएस, तिचा ब्लॉक ४०९६ बाइटचा. तो आकडा आम्ही दिलेल्या पत्त्यावर लिहिला आणि शून्य परत केले. आमच्या स्ट्रक्चरचा, म्हणजे माहितीच्या रकान्यांच्या ठरलेल्या मांडणीचा, पहिला रकाना तापमानाचा होता, त्यामुळे ब्लॉकचा आकार तापमान म्हणून दिसू लागला.

१ नंबरलाही फाइलसिस्टीमची एक जुनी कमांड आहे, एफआयबीमॅप. पण कर्नेल ती फक्त साध्या फाइलसाठी हाताळतो, आमच्या कार्डासारख्या कॅरेक्टर डिव्हाइससाठी नाही. म्हणून आमची १ सुखरूप पोचत होती आणि २ मध्येच गायब होत होती. चारपैकी तीन कमांड चालत असल्याने संशय कार्डावर, वायरवर, सेन्सरवर जात राहिला. नंबरवर कुणाचाच गेला नाही.

२ च्या जागी २२ लिहिले असते तरी तापमान हलू लागले असते. अण्णांनीही तेच सुचवले, आणि दुसऱ्या दिवशी माल पाठवायचा असता तर मी तेवढेच केले असते. पण मला नंबर नीट बांधून घ्यायचे होते, कारण खरा धोका ३ नंबरमध्ये होता. त्याच माणसाने लिहिलेल्या दुसऱ्या एका कार्डाच्या ड्रायव्हरमध्येही १ ते ५ असेच नंबर होते. तिथे ३ म्हणजे डीफ्रॉस्ट हीटर चालू. बोर्ड सुरू होताना दोन कार्डांच्या डिव्हाइस फाइलींचा क्रम बदलला, किंवा कुणी कॉन्फिगरेशनमध्ये नाव चुकवले, तर कॉम्प्रेसरसाठी पाठवलेला ३ हीटरवर जाऊन पडला असता. दोन्ही ड्रायव्हरच्या दृष्टीने तो अगदी वैध ३. कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्यांवर शेतकऱ्याचे नाव, लॉट आणि वजन लिहिलेली चिठ्ठी असते. नुसता '२' लिहिलेली पेटी हमाल कुणाच्याही थप्पीत लावेल. आमचे कमांड नंबर त्या नुसत्या '२' सारखे होते.

लिनक्समध्ये कमांडच्या नंबरावर अशी चिठ्ठी लावायची पद्धत ठरलेली आहे. नंबर ३२ बिटांचा असतो. सर्वांत खालच्या ८ बिटांत कमांडचा क्रमांक. त्याच्या वरच्या ८ बिटांत टाइप, म्हणजे त्या ड्रायव्हरचे ओळख-अक्षर. त्याच्या वरचे १४ बिट सोबत जाणाऱ्या माहितीचा आकार बाइटमध्ये सांगतात. सगळ्यात वरचे २ बिट दिशा सांगतात: माहिती जातच नाही, प्रोग्रामकडून कर्नेलकडे जाते, कर्नेलकडून प्रोग्रामकडे येते, किंवा दोन्हीकडे.

हे समजून घ्यायला मी घड्याळाचा नंबर वापरते, कारण तो हेक्समध्ये, म्हणजे ए ते एफ अक्षरेही वापरणाऱ्या सोळाच्या अंकपद्धतीत, लिहिला तरी सगळे अंकच येतात. बोर्डावरच्या घड्याळाच्या चिपकडून, म्हणजे आरटीसीकडून, वेळ वाचायची कमांड आहे हेक्स ८०२४७००९. शेवटचे ०९ म्हणजे कमांडचा क्रमांक नऊ. त्याआधीचे ७० म्हणजे लहान लिपीतले 'पी' हे अक्षर, आरटीसीची खूण. त्याआधी ०२४, हेक्समधले २४ म्हणजे ३६, आणि वेळेच्या स्ट्रक्चरमध्ये चार-चार बाइटचे नऊ पूर्णांक आहेत, नऊ चोक छत्तीस. सर्वांत पुढचा ८ म्हणजे वरच्या दोन बिटांत '१०', वाचन. कर्नेलच्या दस्तऐवजांत उलगडून दाखवलेला ८२१८७२०१ हा नंबरही असाच वाचता येतो: वाचन, आकार हेक्स २१८, अक्षर 'आर', क्रमांक १. व्हीफॅट फाइलसिस्टीममध्ये लांब आणि आखूड दोन्ही नावांसकट डिरेक्टरी वाचणाऱ्या कमांडचा तो नंबर. एकदा हात बसला की अनोळखी नंबर बघूनही तो कुठल्या कुळातला ते सांगता येते.

हे आकडे हाताने जोडायचे नसतात. त्यासाठी चार मॅक्रो, म्हणजे कोडातली तयार सूत्रे, आहेत: आयओ, आयओआर, आयओडब्ल्यू आणि आयओडब्ल्यूआर. त्यांत दिशा प्रोग्रामच्या बाजूने मोजायची. प्रोग्राम वाचणार असेल तर आयओआर, जरी त्या वेळी कर्नेल लिहीत असला तरी. ड्रायव्हर लिहिणारा माणूस स्वतःला कर्नेलमध्ये उभा समजतो, त्यामुळे इथे हमखास उलटापालट होते. उलट लिहिले तरी लिनक्समध्ये सगळे चालत राहते, कारण कर्नेल दिशा आणि आकार बघून स्वतः काही कॉपी करत नाही. बीएसडी या युनिक्स कुळातल्या सिस्टीममध्ये कर्नेल हे बिट बघून माहिती आत-बाहेर नेतो. लिनक्समध्ये ते काम ड्रायव्हरचे. म्हणून मी हेडरमध्ये, म्हणजे व्याख्यांच्या सामाईक फाइलमध्ये, प्रत्येक कमांडवर एका ओळीची टीप लिहिली, कोण कुणाला काय देते त्याची.

मॅक्रोच वापरायचे याला आणखी एक कारण आहे. पॉवरपीसी, मिप्स, स्पार्क आणि अल्फा या प्रोसेसरांवर वाटणी वेगळी आहे: आकाराला १३ बिट आणि दिशेला ३. माहिती नसलेल्या कमांडलाही तिथे दिशेचा एक बिट लागतो. त्यामुळे ब्लॉकचा आकार विचारणारी कमांड तिथे नुसती २ नसते, ती हेक्समध्ये २००००००२ होते, म्हणजे वरून तिसरा बिट चढलेला २. आमचा जुना ड्रायव्हर अशा प्रोसेसरावर तापमान व्यवस्थित वाचत राहिला असता आणि आर्म प्रोसेसरावर येताच गप्प झाला असता.

अक्षर निवडायला कर्नेलच्या दस्तऐवजांत एक लांबलचक तक्ता आहे. कुठले अक्षर किंवा आकडा, त्यातले कुठपासून कुठपर्यंतचे क्रमांक, आणि कुठल्या हेडरमध्ये, असे रकाने. टर्मिनलकडे 'टी', व्हिडिओकडे 'व्ही', ग्राफिक्सकडे लहान 'डी', चिपा जोडणाऱ्या एसपीआय बसकडे लहान 'के'. नव्या ड्रायव्हरने न वापरलेला, वाढायला जागा असलेला गट घ्यावा, ३२ ते २५६ कमांड बसतील एवढा, असे तिथे लिहिले आहे. ड्रायव्हर मुख्य कर्नेलमध्ये जाणार असेल तर त्या तक्त्यातच नोंद पाठवायची. तक्ता वाचताना कळते की अक्षरे कधीच अपुरी पडली आहेत. एकाच अक्षरावर दोन-तीन ड्रायव्हर बसलेले, आणि शेजारी 'संघर्ष' अशी खूण. आमचा ड्रायव्हर मुख्य कर्नेलमध्ये जाणार नव्हता, तरी मी तो तक्ता पूर्ण वाचून आमच्या बोर्डावरच्या कुठल्याही ड्रायव्हरशी टक्कर होणार नाही असा आकडा निवडला. दोन्ही कार्डांना दोन वेगळे. क्रमांक मात्र १, २, ३, ४ तेच ठेवले. जुन्या वायरिंगच्या वह्यांमध्ये, अण्णांच्या डोक्यात तेच नंबर आहेत, आणि आता त्यांच्यापुढे टाइप असल्यामुळे ते निर्धोक होते.

खरा वेळ गेला आकारावर. जुन्या स्ट्रक्चरमध्ये तापमानाचा इंट, आर्द्रतेचा इंट आणि वेळेचा लाँग होता (इंट आणि लाँग हे सी भाषेतले पूर्णांकांचे प्रकार). आमचे जुने बोर्ड ३२ बिटांचे, नवे ६४ बिटांचे. लाँग एकीकडे ४ बाइट, दुसरीकडे ८. म्हणजे तेच स्ट्रक्चर एकीकडे १२ बाइटचे आणि दुसरीकडे १६ चे. आकार नंबरातच गुंफला जात असल्यामुळे दोन्हीकडे कमांडचा नंबरही वेगळा होणार. ही अडचण वाटते, पण मला यातच या पद्धतीचे मोल दिसले. जुन्या १२ बाइटच्या समजुतीने बांधलेला प्रोग्राम नव्या १६ बाइटच्या ड्रायव्हरला भेटला, तर नंबर जुळत नाही आणि कॉल नाकारला जातो. आकार नंबरात नसता तर ड्रायव्हरने १२ बाइटच्या जागेत १६ बाइट लिहिले असते आणि शेजारची चार बाइट बिनबोभाट खराब झाली असती. कर्नेलच्या हेडरमध्येही हेच कारण नोंदले आहे: जुन्या आवृत्तीवर बांधलेले प्रोग्राम पकडणे आणि प्रोग्रामच्या मेमरीत मर्यादेबाहेर लिहिले जाऊ न देणे.

मी लाँग काढून टाकला. तापमानाला चिन्हासह ३२ बिट, आर्द्रतेला ३२, वेळेला ६४. दोन्हीकडे १६ बाइट, मध्ये रिकामी जागा नाही. रकान्यांचा क्रमही विचारपूर्वक ठेवावा लागतो, कारण ६४ बिटांचा रकाना ३२ बिटांच्या इंटेलवर ४ च्या पटीत बसतो आणि आर्मवर ८ च्या. क्रम चुकला तर मधल्या मोकळ्या बाइटमुळे आकार पुन्हा फाटतो. तापमान वाचायचा नंबर आता हेक्समध्ये ८०१० ने सुरू होतो, रिलेचा ४००४ ने, मर्यादा लावण्याचा ४००८ ने, आणि कार्ड तपासणीचा, जिच्यासोबत काहीच जात नाही, चार शून्यांनी.

आमच्याकडे इंटर्नशिपला आलेला एक मुलगा शेजारी बसून बघत होता. त्याने विचारले, "ताई, मॅक्रोत तिसऱ्या जागी साइझऑफ का नाही लिहीत? आकारच द्यायचाय ना?" प्रश्न अगदी रास्त होता. साइझऑफ म्हणजे आकार बाइटमध्ये काढणारा सी भाषेतला शब्द. तिथे डेटा-टाइपचे नाव द्यायचे असते, साइझऑफ मॅक्रो स्वतः लावतो. आपण आधीच लावला तर साइझऑफचा साइझऑफ होतो, आणि स्ट्रक्चर कितीही मोठे असले तरी आकार येतो ४ किंवा ८. अशा चुका पूर्वी खऱ्या कर्नेलमध्येही झाल्या, आणि त्या नंबरांवर प्रोग्राम बांधले गेल्यामुळे आता बदलता येत नाहीत. डिस्कचा आकार बाइटमध्ये सांगणारी ब्लॉक डिव्हाइसची कमांड नेहमी ६४ बिटांचे उत्तर देते, पण तिच्या व्याख्येत डेटा-टाइप साइझ-टी आहे, जो यंत्रानुसार ४ किंवा ८ बाइटचा असतो. म्हणून ६४ बिटांच्या यंत्रावर तिचा नंबर हेक्स ८००८१२७२ आणि ३२ बिटांच्या यंत्रावर ८००४१२७२, उत्तर दोन्हीकडे ८ बाइटचेच. त्या मुलाने दोन्ही नंबर वहीत बिटाबिटाने सोडवले. मला ते बघून फार बरे वाटले.

मग मालकांची मागणी आली: मागच्या २४ तासांचे दर मिनिटाचे आकडे एकदम हवेत. १४४० नोंदी, प्रत्येकी १६ बाइट, म्हणजे २३,०४० बाइट. १४ बिटांत जास्तीत जास्त १६,३८३ मावतात. कर्नेलच्या बाजूने ड्रायव्हर बांधताना मॅक्रोने हे पकडले आणि बांधणी तिथेच थांबली. प्रोग्रामच्या बाजूला मात्र हेडरमधला मॅक्रो ही तपासणी करत नाही. तिथे जास्तीचा बिट वर सरकून दिशेच्या बिटांत मिसळतो. वाचनाची कमांड वाचन-लेखनाची होते आणि आकार उरतो ६,६५६ बाइट, १४४० च्या जागी ४१६ नोंदी. हे मी मुद्दाम छापून सगळ्यांना दाखवले, कारण कंपायलर तिथे काहीच कुरकुर करत नाही. इतिहासाचे आकडे आम्ही साध्या रीड कॉलने द्यायचे ठरवले. सलग वाहणारी माहिती रीडने आणि नियंत्रण आयऑक्टलने, ही विभागणी मला तशीही जास्त पटते.

डिस्प्लेचे ॲप्लिकेशन पायथनमध्ये आहे आणि तिथे हे मॅक्रो नसतात. नंबर कुणी हाताने टाइप करू नयेत म्हणून मी सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो ड्रायव्हरचेच हेडर वापरतो, चारही नंबर छापतो, आणि पायथन त्यातून बनलेली फाइल वाचतो. बोर्डाचे सॉफ्टवेअर बांधले जाते तेव्हा ही फाइल दरवेळी नव्याने तयार होते.

६४ बिटांच्या कर्नेलवर जुने ३२ बिटांचे ॲप्लिकेशन चालवून बघणे राहिले होते, कारण काही स्टोरेजमध्ये ते अजून आहे. पहिल्या फेरीत सगळ्याच कमांड नाकारल्या गेल्या. अशा प्रोग्रामचे कॉल ड्रायव्हरच्या नेहमीच्या फंक्शनकडे जात नाहीत, त्यांना कॉम्पॅट नावाचे वेगळे दार लागते. आमची स्ट्रक्चर दोन्हीकडे सारखी असल्यामुळे त्या दाराशी भाषांतर करायला काही नव्हते. कर्नेल ५.५ पासून यासाठी एक तयार फंक्शन मिळते, ड्रायव्हरच्या तक्त्यात त्याचे नाव लिहिले की झाले. जुन्या नंबरांनी बांधलेले ॲप्लिकेशन अर्थातच नव्याने बांधावे लागले. न बांधता चालवले तर १, ३ आणि ४ नाकारल्या जातात. २ मात्र अजूनही कर्नेल मध्येच पकडतो आणि ४०९६ देतो. त्यामुळे नव्या ड्रायव्हरसोबत जुने ॲप्लिकेशन कुठेही राहू नये म्हणून सुरुवातीलाच १ नंबरची तपासणी सक्तीची केली: ती नाकारली गेली तर डिस्प्लेवर तापमानाऐवजी रेघा.

शेवटची परीक्षा मी मुद्दाम चुकीची घेतली. कॉम्प्रेसरच्या कमांडला हीटरच्या कार्डाची डिव्हाइस फाइल दिली. उत्तर आले उणे एक, चूक क्रमांक २५, या डिव्हाइसला ही कमांड लागू नाही. हीटरचा रिले जागचा हलला नाही. अण्णा रिलेला कान लावूनच बसले होते. त्यांनी मान हलवली आणि प्रोब पुन्हा मुठीत धरला. आकडा ३१ वरून चढत चढत ३४ पर्यंत गेला.

ज्या नंबरांत दिशा, आकार काहीच नाही असे जुने नंबर लिनक्समध्ये आजही आहेत. टर्मिनलची सेटिंग वाचणारा ५४०१, खिडकीचा आकार सांगणारा ५४१३. ५४ म्हणजे मोठा 'टी', बाकी वरचे सगळे बिट शून्य. त्यांच्यावर इतके प्रोग्राम उभे आहेत की ते तसेच राहतील. आमच्या ड्रायव्हरला तशी जुनी देणी नव्हती. हेडरमध्ये मी ५ ते १५ क्रमांक याच कार्डाच्या पुढच्या कामासाठी मोकळे सोडले आहेत, आणि प्रकाशित झालेल्या कमांडचे स्ट्रक्चर बदलायचे असेल तर जुने तसेच ठेवून नवा क्रमांक घ्यायचा, अशी टीप वर लिहिली आहे. पंख्यांचा वेग बदलणारी कमांड येत्या हंगामाआधी हवी आहे. तिला ५ दिला आहे, आणि तिच्यासोबत आधीचा वेगही परत यावा म्हणून ती आयओडब्ल्यूआर आहे.